नोव्हाक नावाची माणसं

अमरावतीच्या घरासमोर टॅक्सी उभी होती आणि बाबा माझी बॅग तिसऱ्यांदा काट्यावर ठेवून बघत होते. "दोन वर्षांत परत ये गं," आई म्हणाली. त्याला आता चौदा वर्षं झाली. मधे बाबा गेले. भारतात जाऊन व्हिसा अडकला तर नोकरी जाईल, या भीतीने मी तिकीट कॅन्सल केलं आणि शिकागोतल्या किचनमध्ये उभी राहून फोनवर त्यांना शेवटचं पाहिलं. घरच्या कोणी ते बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

ती नोकरी यंदा गेलीच. व्हिसाच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा. रोज अर्ज, रोज नकार. डेव्हनवर, इथल्या देशी बाजारात, भाजी घ्यायला जायचीही लाज वाटे. ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगू?

वरच्या मजल्यावर नोव्हाक काका राहतात. वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी चेक देशातून एकटेच पळून आलेले. एकदा म्हणाले, "दिवसभर कॉम्प्युटरवर शोधत असतेस, माझ्या भावालाही शोध ना."

धाकटा भाऊ, यान. आईला टाकून गेलास म्हणून त्याने बोलणं तोडलं होतं. पुढे तोही अमेरिकेत आल्याचं काकांच्या कानावर होतं, तेवढंच.

नाव टाइप केलं आणि यान नोव्हाकांची रांगच लागली. आइस हॉकीचा खेळाडू, रसायनशास्त्राचा प्राध्यापक, शिल्पकार, ऑर्केस्ट्राचा संचालक. आपल्याकडे पाटील, तसे तिकडे नोव्हाक.

"अर्थ काय या आडनावाचा?" मी काकांना विचारलं.

"गावात नवा आलेला," काका म्हणाले आणि फोटोवर वाकले. "हा नाही. आमचे कान मोठे." यान सुरेख गायचा, म्हणून संचालकावर त्यांची फार आशा होती. मी मेल केला. सभ्य उत्तर आलं: तो मी नव्हे.

शेवटी मी नामवंत सोडले आणि निधनाच्या बातम्या चाळल्या. टेक्ससमधलं छोटं गाव. यान नोव्हाक, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, चर्चमध्ये गायचा. फोटोत तेच कान. जाऊन दोन वर्षं झाली होती. खाली लिहिलं होतं: मागे एक भाऊ, ठावठिकाणा माहीत नाही.

काकांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. "म्हणजे त्याने मला भावात धरलं होतं," म्हणाले आणि तोंड झाकून रडले. मग विचारलं, "तुझी आई आहे ना अजून?"

"आहे."

"मग कशाची वाट बघतेस?"

साठ दिवस संपायला नऊ उरलेत. नोकरी नाही. इथेच जन्मलेली माझी लेक तिच्या खोलीत दार लावून बसलीय, "आय ॲम नॉट गोइंग" म्हणते. काल आईला फोन केला.

"आई, मी येतेय."

"अगं बाई! किती दिवस आहेस?"

स्वतःच्या घरी किती दिवस, हे मला सांगता येईना. आई पलीकडून हॅलो, हॅलो करत राहिली.