त्या फिती मी आधीच काढल्या होत्या

जे घडलं ते जसंच्या तसं मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर बारा वर्षं धावतोय त्या मित्रांनाही नाही. खोटं मात्र भरपूर सांगितलंय — आणि इतकं सफाईनं की त्यावर लोक टाळ्या वाजवतात. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. फक्त वाचताना ‘होतं असं माणसाच्या हातून’ असं मनात म्हणू नका. तसं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

मी नाशिकचा. डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यती धावतो, पन्नास किलोमीटर, कधी ऐंशी. महिन्यातून एका रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला पळून झालं की आमचा ग्रुप मिसळीवर जमतो आणि कुणीतरी आपले अनुभव सांगतं. पायाला फोड आले तर काय करायचं, मीठ केव्हा चाटायचं, उतारावर गुडघे कसे जपायचे. माझा विषय ठरलेला आहे — डोंगरातली माणुसकी. मागे पडलेल्याला सोडून जायचं नाही, वगैरे. नवी पोरं डोळे मोठे करून ऐकतात. बोलता बोलता मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते, आणि मग मी आणखी एक पाव मागवतो.

आधी एक गोष्ट समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. शर्यतीची वाट दाखवायला झाडांना, झुडपांना रंगीत फिती बांधलेल्या असतात. धावणारा एक फीत गाठतो, पुढची शोधतो. नंतर डोंगरात कचरा राहू नये म्हणून सगळ्यांत शेवटच्या धावकाच्या मागे आमच्यातला एक जण चालतो आणि फिती सोडवत येतो. त्याला स्वीपर म्हणतात. त्याला नियम एकच — शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही. तो बसला तर बसायचं, तो रडला तर ऐकून घ्यायचं. कारण स्वीपर पुढे गेला की मागच्याला वाटच उरत नाही.

चार वर्षांपूर्वी सुरगाण्याच्या बाजूला आमच्या ग्रुपनं भरवलेल्या शर्यतीत मी स्वीपर होतो.

माझा गुडघा दुखावला होता, म्हणून. आदल्या वर्षी मी तिथेच तिसरा आलो होतो. आणि या वर्षी काय, तर लोकांच्या मागे फिती गोळा करत फिरायचं? मला ते झोंबलं होतं. कुणी मला जबरदस्ती केली नव्हती, मीच हो म्हणालो होतो, चारचौघांत मोठेपणा घेत. तरी सकाळपासून मी धुमसत होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. किती क्षुल्लक गोष्टीसाठी मी धुमसत होतो ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतो.

शेवटचा धावक होते वसंतकाका. वय एकसष्ट. अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, सिडकोत राहणारे. रोज सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून त्यांनी तयारी केली होती, आणि ही त्यांची पहिली पन्नास किलोमीटर. ते हळू होते, पण घड्याळात बसत होते. प्रत्येक चेकपॉइंटला ठरावीक वेळेच्या आत पोचावं लागतं, नाहीतर बाद. काका एकदाही बाद होण्याच्या जवळपास नव्हते. मला त्याचाच राग येत होता. बाद झाले असते तर त्यांना जीपमध्ये बसवून मी मोकळा झालो असतो ना.

आणि ते बोलत. सतत. गुरं चारणाऱ्याला थांबवून झाडाचं नाव विचारत, मग ते नाव मला सांगत. मी ‘हं’ म्हणत होतो. फेब्रुवारीचं ऊन, अकरा वाजले होते. फिनिश लाइनवर बक्षिसं सुरू झाली असणार, पहिल्या आलेल्यांचे फोटो चालू असणार, आणि मी इथे एका म्हाताऱ्याच्या मागे पाय ओढतोय — मनात हाच शब्द होता, म्हातारा. लिहायचंच आहे तर तोही लिहितो.

एका खिंडीच्या अलीकडे काका थांबले. म्हणाले, “पाणी संपलं हो. त्या खालच्या विहिरीवरून बाटल्या भरून आणतो. तुम्ही इथंच थांबाल ना?”

मी म्हणालो, “थांबतो.”

ते उतरले. विहीर दिसत होती, जाऊन यायला वीसेक मिनिटं. मी सहा-सात मिनिटं थांबलो असेन. माझ्याकडे दीड लिटर पाणी होतं, हेही सांगायला हवं. त्यांनी मागितलं नाही आणि मी दिलं नाही.

मग मी निघालो. नुसता निघालो नाही, फिती काढत निघालो. का? फिती ठेवून गेलो असतो तर काका आपसूक आले असते. पण मग चेकपॉइंटवर विचारलं असतं, फिती कुठं आहेत, शेवटचा माणूस कुठं आहे. रिकाम्या हातांनी स्वीपर पुढे येत नाही. म्हणजे बघा, मला सगळं नीट समजत होतं. हिशोब करून मी एक-एक गाठ सोडवत होतो. पुढे खिंडीत तीन वाटा फुटतात. तिथली फीत मोठी होती, मुद्दाम दोनदा बांधलेली. तीही सोडवली.

चेकपॉइंटवर आमच्या ग्रुपमधली पूर्वा कागद घेऊन बसली होती. तिनं विचारलं, “काका?”

“शर्यत सोडली त्यांनी,” मी म्हणालो. “खाली पाड्यावर उतरले. तिथून जीप धरतो म्हणाले.”

तिनं लिहून घेतलं. एवढंच झालं. त्यानंतर काकांना शोधायचं कुणाला काही कारणच राहिलं नाही.

मी वेळेत पोचलो. फोटोत आहे मी. अजून कुणाच्या तरी भिंतीवर असेल तो.

काकू फिनिश लाइनपाशी एका खुर्चीवर शिऱ्याचा डबा घेऊन बसल्या होत्या. एक वाजता त्यांना सांगितलं, काका जीपनं येताहेत. दोन वाजता पुन्हा तेच सांगितलं. डोंगरात रेंज नव्हती, फोन लागत नव्हता. तीनपर्यंत त्या तोच डबा मांडीवर घेऊन बसलेल्या होत्या आणि मी त्यांच्यापासून दहा पावलांवर पुलाव खात होतो. खरं सांगितलं असतं तर तेव्हाही उशीर झालेला नव्हता. ते गिळलेले घास मला अजून आठवतात.

साडेतीनला कुणीतरी जीपवाल्यांना विचारलं. असा माणूस कुणी नेलाच नव्हता. मग धावपळ झाली, आणि मीही धावलो, सगळ्यांत पुढे. खोट्या माणसाला शोधाशोधीत किती उत्साह येतो ते मला त्या दिवशी कळलं.

काका सापडले साडेपाचच्या सुमाराला, खिंडीच्या पलीकडच्या नाळेत, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत. चुकीची वाट धरली होती, घसरले होते, घोटा मोडला होता. कडक उन्हात सहा तास. सरपणाला गेलेल्या सोनीबाई नावाच्या बाईनं त्यांना पाहिलं, पाणी पाजलं, पाड्यावरून चार माणसं आणली आणि घोंगडीची झोळी करून त्यांना सडकेपर्यंत पोचवलं. तोवर काकांची शुद्ध हरपली होती. लघवी बंद झाली होती. नाशिकला नेईपर्यंत ते जगतील की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

तिथे सडकेवर सोनीबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, “तुमी फिती काढीत होते, मी पाह्यलं. बाबा तं मागं व्हता.”

आमच्या ग्रुपचा प्रमुख फोनवर होता. त्यानं लांबूनच विचारलं, काय म्हणतात त्या? आणि मी — माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये त्याच फितींचा बोळा होता — मी म्हणालो, “त्या म्हणताहेत, बाबा एकटेच खाली उतरताना दिसले.”

तिला माझी मराठी समजत होती. सगळी समजत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर सारखा केला आणि सरपणाच्या मोळीकडे गेली. भांडली नाही. शहरातून आलेल्या या गर्दीत तिचं ऐकणार कोण होतं? हे तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मी त्याचाच फायदा घेतला.

इतकं करून थांबलो असतो तरी एक वेळ मी फक्त भित्रा ठरलो असतो. पण मी थांबलो नाही.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये काका बोलायला लागले. मुलगा उशाशी होता. काका मला म्हणाले, “मी पाणी घेऊन वर आलो तर तुम्ही नव्हता. फितीही नव्हत्या.” तक्रार नव्हती त्यात. त्यांना फक्त कळत नव्हतं.

मी त्यांचा हात हातात घेतला. हो, हातसुद्धा घेतला. म्हणालो, “काका, तुम्ही शर्यत सोडतो म्हणाला होता. जीपनं जातो म्हणालात. विसरलात का?”

मुलानं बापाकडे पाहिलं. ती नजर मी बघितली. काळजीची होती, प्रेमाची होती, आणि त्या क्षणापासून काका त्या घरातले कर्ते राहिले नाहीत.

घोटा जुळला. मूत्रपिंडंही सुधारली. पण डोंगरात स्वतः बोललेलं ज्याला आठवत नाही, त्या माणसाचं पुढे काय करायचं? डोक्याचे फोटो काढले, चाचण्या झाल्या. फार काही निघालं नाही, पण वय आहे, लक्ष ठेवा, असं सांगितलं गेलं. मुलानं स्कूटरची किल्ली काढून घेतली. पांडवलेणी बंद. खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. भाजीला गेले तर सोबत सून. काका वहीत लिहून ठेवायला लागले — दूध घेतलं, गॅस बंद केला, गोळी खाल्ली. यंत्रांवर चाळीस वर्षं काम केलेला माणूस, ज्याला कुठला नट किती आवळायचा ते बोटांना कळायचं. त्याचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास मी काढून घेतला. का, तर मला फोटोत उभं राहायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला फोन केला. दुपारची वेळ होती, घरी कुणी नसावं. हळू आवाजात म्हणाले, “एक विचारू का? रागावू नका. मी खरंच तसं म्हणालो होतो का? कारण मला विहीर आठवते, बाटल्या आठवतात, सगळं आठवतं. तेवढंच आठवत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मला बरं वाटेल हो.”

एक शब्द लागत होता. नाही. तेवढाच. समोर कुणी नव्हतं, कागद नव्हता, ग्रुप नव्हता. फक्त ते आणि मी.

मी म्हणालो, “हो काका. नक्की म्हणाला होता.”

ते म्हणाले, “असं होय. बरं.” आणि मला त्रास दिल्याबद्दल माफी मागून त्यांनी फोन ठेवला.

गेल्या महिन्यात ग्रुपच्या रविवारी मुलगा त्यांना घेऊन आला. माझं बोलून झालं होतं. कुणीतरी आग्रह केला, काका, तुम्हीही तुमचा अनुभव सांगा. काका काठी टेकत उभे राहिले. म्हणाले, चूक माझीच होती. शर्यत सोडतो असं मीच यांना सांगितलं, खिंडीपाशी. हे म्हणाले, एकटे जाऊ नका. मी ऐकलं नाही. हात हलवला आणि उतरलो — “अजून डोळ्यांपुढे आहे,” काका म्हणाले.

मी ‘एकटे जाऊ नका’ असं कधी म्हटल्याचंही त्यांना सांगितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः तयार केलंय, माझ्यासाठी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका माझ्याकडे बघत होते, बरोबर सांगितलं ना, असं विचारल्यासारखे. मी मान हलवली.