फिर्यादीचीच हमी

कुणाच्याही घरात शिरल्या की बाई आधी रांजणात डोकवायच्या. मग विचारायच्या, "पोरगं झोपतं कुठं?" गुन्ह्याचं शेवटी.

गुन्ह्यात सापडलेल्या पोरांची चौकशी करून कोर्टाला कळवायचं, हे त्यांचं काम. लातूर जिल्हा नवा झालेला. ऑफिसला जीप नव्हती. बाई फाट्यावर एस.टी.तून उतरून चालत यायच्या. असा सरकारी माणूस तुम्ही पाहिला असंल तर सांगा.

दुष्काळात गावातल्याच एकाचा देवणी जातीचा बैल मी विकत घेतला. तो माणूस पुण्याकडं कामाला गेला. त्याच्या तेरा वर्षांच्या पोरानं भर दुपारी बैल सोडून नेला आणि आपल्या दारातल्या जुन्या खुंट्याला बांधला. मी पोलिसात गेलो. पोराला लातूरला रिमांड होममध्ये ठेवलं.

बाई म्हणाल्या, "चोर स्वतःच्या दारात बैल बांधतो का, मामा?"

"कुठं का बांधंना! राहू द्या आत."

"आत म्हणजे कुठं, ते पाहिलंय तुम्ही?"

माघार घ्यायची मला सवय नाही, म्हणून बाईंबरोबर गेलो.

जाळीपलीकडं पोरगं उभं होतं. वाटलं, रडंल. त्यानं विचारलं, "पाणी पितोय का त्यो?"

बैलाच्या बरगड्या निघाल्या होत्या.

"हौदावर न्हाई पीत, मामा. बादली धरा, अन् पाजताना शीळ लांब घाला. तुमची लई तुटक हाय."

चाळीस वर्षं बैल पाजले मी, अन् हे मला शिकवणार! राग आला. पण खोटं नव्हतं ते.

बाहेर बाईंनी कागद पुढं केला. पोराला घरी सोडायचं तर कुणीतरी हमी घ्यायला हवी होती.

"अहो, फिर्यादी मी. मीच हमी घेऊ?"

"त्याच्यावर तुमच्याइतकी नजर दुसरं कोण ठेवील?"

दुसरीपर्यंतच शिकलो, पण अंगठा कधी उठवला नाही. सावकाश सही केली. बाईंनी घाई केली नाही.

पोरगं दोन्ही वेळा येऊन बैलाला पाजू लागलं. गावानं मला येड्यात काढलं. काढू दे.

वर्षानं बाईंची बदली झाली. शेवटचा अहवाल लिहायला आल्या, तर पोरगं शेजारच्या गावी दळणाला गेलेलं.

"लिवा की बरा हाय म्हणून. मी सांगतोय ना!"

"पाहिल्याशिवाय नाही लिहीत, मामा."

दिवस कलला तेव्हा पोरगं सायकलवर आलं. बाईंनी त्याला नीट पाहिलं, दोन गोष्टी विचारल्या, लिहिलं. फाट्यावरची शेवटची गाडी चुकायची वेळ झाली होती. पोरानं पिठाचं पोतं उतरवलं. बाई तशाच त्या पिठानं माखलेल्या कॅरिअरवर बसल्या.

पोरगं उभं राहून पायडल मारत होतं. बाईंनी एका हातानं फाईल धरली होती, दुसऱ्या हातानं त्याचा सदरा.