माझं पोट ज्या औषधावर चालतं

बोईसरला मी ज्या कारखान्यात काम करते तिथे जंतू पोसतात. मला बघायला आलेल्या मंडळींना नोकरी सांगितली की ती हातातला कप खाली ठेवायची. एका माणसाने तेवढा ठेवला नाही. उरलेला चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "मग त्यांना खायला काय घालता?"

"ग्लुकोज. सोयाबीनचं पीठ. थोडे क्षार."

"म्हणजे आमच्या शाळेतल्या पोरांपेक्षा बरं खातात," ते म्हणाले. मनोरच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे. त्यांच्याशीच माझं लग्न झालं. ते जाऊन आता दुसरं वर्ष चालू आहे.

मी सांगलीकडची. सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि नोकरीसाठी इकडे आले. सासर सफाळ्याच्या आतल्या एका गावात. थोडी भातशेती, थोरले दीर, जाऊ आणि सासूबाई. घाटावरची सून सासूबाईंच्या मनात नव्हती, पण लेकाने ठरवलं म्हटल्यावर त्या गप्प बसल्या. आम्ही दोघं बेटेगावात खोली घेऊन राहायचो. ते मोटारसायकलने मनोरला जायचे, मी कंपनीच्या बसने कारखान्यात.

आमच्याकडे व्हॅन्कोमायसिन बनतं. बाकीची औषधं हरली की डॉक्टर जी थोडी औषधं बाहेर काढतात त्यातलं हे एक. ते मातीतला एक जंतू बनवतो. माझं काम त्या जंतूंचं बी राखायचं. छोट्या नळीतून फ्लास्कमध्ये, फ्लास्कमधून छोट्या टाकीत, तिथून दोन मजली टाकीत. आठवडाभर ती टाकी घुसळत राहते, फेस येतो, ओल्या तळघरासारखा वास सुटतो. तो वास केसांत बसतो. सुरुवातीला मी घरी आले की आधी डोकं धुवायची. ते म्हणाले, "राहू दे. शेताडीचा वास आहे. मला सवय आहे."

एकदा रविवारी ते वालाच्या शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, "मला नीट सांग, तो जंतू हे बनवतो कसं? पोरांना मी शिकवतो की अमिनो आम्लं जोडून प्रथिनं होतात. हे तसंच का?"

मी सांगितलं की नाही, तसं नाही. प्रथिनं बनवायला पेशीत एक ठरलेलं यंत्र असतं. ते जनुकाचा निरोप वाचतं आणि एकामागून एक अमिनो आम्ल जोडत जातं. पण हे औषध त्या यंत्रावर होतच नाही. त्यासाठी जंतूकडे वेगळी एन्झाइम आहेत.

"विकरं," ते म्हणाले. पुस्तकातला शब्द त्यांना आवडायचा.

"बरं, विकरं. भलीमोठी, एकाला एक लागून. प्रत्येक तुकडा आपलं ठरलेलं अमिनो आम्ल तेवढं उचलतो, दुसऱ्याला हात लावत नाही. उचललं की एका लवचिक दोरीला टांगून धरतो आणि पुढच्याच्या हवाली करतो. अशी सात जोडायची. त्यातली काही तर तुमच्या पुस्तकातल्या वीस आम्लांमध्ये नाहीतच. ती जंतू स्वतःच तयार करतो."

"आणि सात जोडली की झालं औषध?"

"नाही. नुसती साखळी लुळी असते, तिचा काही उपयोग नाही. ती अजून दोरीला लटकलेली असतानाच दुसरी विकरं येतात आणि साखळीतल्या कड्या एकमेकींना बांधतात. एक इकडे, एक तिकडे, एक मध्ये. मग ती ताठ होते, तिला वाटीसारखा खोलगट आकार येतो. मग ती सोडवून घेतात, वर साखर चिकटवतात."

ते शेंगा सोलायचे थांबले होते. म्हणाले, "आणि ही वाटी करते काय?"

"रोगजंतू आपल्याभोवती भिंत बांधतो. त्या भिंतीच्या विटांना शेवटी एक टोक असतं. वाटी त्या टोकावर घट्ट बसते. मग वीट विटेला जोडली जात नाही. भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटतो."

मग त्यांनी असं काही विचारलं की मला मुलाखतीतही कुणी विचारलं नव्हतं. "मग हे बनवणारा जंतू स्वतः का मरत नाही? भिंत तर त्यालाही असणार."

"तो आपल्या विटांचं टोक बदलून ठेवतो. त्यासाठीही त्याच्याकडे विकरं आहेत. एका नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन. तेवढ्याने वाटी बसत नाही."

"एवढ्याशाने?"

"एवढ्याशाने. आणि ती युक्ती आता काही रोगजंतूंकडेही गेली आहे. कशी ते नक्की कुणाला ठाऊक नाही. पण बहुतेक ती मुळात अशाच औषध बनवणाऱ्या जंतूंची असावी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे सगळं नववीच्या वर्गात फळ्यावर काढलं. घरी येऊन खूश होऊन सांगत होते, पोरांनी घंटा झाली तरी ऐकलं म्हणून. मला त्या रविवारचं सगळं आठवतं. आठवतं याचाच त्रास होतो.

त्यांची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पाय सुजायचे, थकवा यायचा. उभं राहून शिकवतात म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो. रक्तदाब कधी मोजलाच नव्हता. पालघरला डॉक्टरांनी तपासलं तेव्हा डायलिसिसशिवाय मार्ग उरला नव्हता. हातातली नस डायलिसिससाठी तयार करायची शस्त्रक्रिया झाली, पण ती नस धरली नाही. मग मानेत नळी घातली. शर्टाची कॉलर वर करून ते शाळेत जायचे. पुढे जाणं बंद झालं.

त्या नळीतूनच पहिला ताप आला. डायलिसिसच्या खुर्चीत असतानाच थंडीने त्यांचे दात वाजायला लागले. मी कामावरून तशीच धावत पालघरला गेले. रक्तात जंतू सापडले. डॉक्टर म्हणाले, "व्हॅन्कोमायसिन सुरू करतो." सलाईनच्या बाटलीत ते औषध थेंबथेंब उतरत होतं. कुपीवर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं, पण आतली पावडर कुठून आली हे कुणी सांगू शकत नाही. आमची पावडर ड्रममधून कुठे कुठे जाते.

त्यांनी डोळे उघडून बाटलीकडे बोट केलं. "तुझं?"

"असेल."

"वाटी."

"हो. बोलू नका आता."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळ्या वॉर्डाला सांगितलं, "आमची सून बनवते ते औषध. तिच्या हातचं हाय." लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझं कौतुक केलं. घरी आल्यावर त्यांनी माझ्या पुढ्यात ताट ठेवलं आणि मी जेवेपर्यंत बसून राहिल्या.

पावसाळा गेला, भात कापणीला आला, आणि ताप पुन्हा आला. या वेळी डॉक्टरांनी लगेच तेच औषध दिलं. एक दिवस गेला, दुसरा गेला. ताप हलला नाही. मला मनातून कळायला लागलं होतं, कारण हे कसं होतं ते मला माहीत होतं. दुसरं कुणी असतं तर त्याला निदान आशा तरी राहिली असती.

दुपारी एक तरुण डॉक्टरीण बाई मला बाहेर घेऊन गेल्या. "मॅडम, या वेळी जंतू वेगळा आहे. आतड्यातला असतो तो. व्हॅन्कोमायसिन त्याला लागू पडत नाही." त्या सावकाश, समजावून सांगत होत्या. मी म्हटलं, "मला माहीत आहे." त्यांना ते उद्धट वाटलं असावं.

मी आत त्यांच्या खाटेजवळ गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"टोक बदललं?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"हुशार आहेत," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. वर्गातल्या एखाद्या पोराबद्दल बोलावं तसं बोलले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. पाठ इतकी तापलेली होती की हात ठेववत नव्हता.

मुंबईला न्यायचं ठरलं. अँब्युलन्स मनोरवरून हायवेला लागली. त्यांची शाळा तिथून दिसत नाही, पण त्यांनी विचारलं, "मनोर आलं का?" मी हो म्हटलं. पुढे वाहनांच्या रांगेत आम्ही अडकलो. सायरन वाजत राहिला आणि कुणालाही सरकायला जागा नव्हती. दीर समोर बसून नुसते आपल्या हातांकडे बघत होते.

मोठ्या हॉस्पिटलात नळी काढली, दुसरं औषध दिलं. ते औषध वेगळ्या पद्धतीने मारतं, त्याला त्या टोकाशी काही घेणं नाही. दोन दिवस बरं वाटलं. त्यांनी पेज मागितली, थोडी प्यायले. मग त्याच औषधाने रक्तातल्या पेशी झपाट्याने कमी व्हायला लागल्या, हिरड्यांतून रक्त आलं, ते औषध थांबवावं लागलं. तोवर जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते. शस्त्रक्रिया त्यांना सोसणार नव्हती. डॉक्टर आणखी एक नाव सांगून गेले, ते आणवलं, तेही दिलं. मी प्रत्येक नाव ऐकून मनात त्याची रचना काढत होते. कुठून जोडलं जातं, कशावर बसतं. थांबवताच येत नव्हतं. ते गेले तेव्हाही मी तेच करत होते. सकाळी नर्सने त्यांची चादर नीट केली, मग मशीनकडे बघितलं आणि मला बाजूला व्हायला सांगितलं.

गावी दिवस झाले. आले-गेलेले कमी झाल्यावर सासूबाई ओटीवर माझ्यासमोर येऊन बसल्या.

"तू बनवतेस ना ते औषध?"

"हो, आई."

"पयल्या वेळी चाललं ना त्याला?"

"चाललं."

"मग दुसऱ्या वेळी का नाय चाललं? तुमी त्यात कायतरी कमी घातलंत का?"

मी सांगायचा प्रयत्न केला. जंतू वेगळा होता, त्याची भिंत वेगळी होती. मला माझाच आवाज ऐकू येत होता, वर्गात शिकवल्यासारखा, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. ज्या माणसाला हे सगळं एका रविवारात समजलं होतं, तो नव्हता. शेवटी मी म्हटलं, "आई, मला नाही सांगता येत."

"तुला सगळं येतं," त्या म्हणाल्या. "सांगत नायस."

मी कामावर परत गेले. दुसरं काय करता येतं मला? सहकाऱ्यांनी दोन दिवस चहा आणून दिला, मग सगळं नेहमीसारखं झालं. टाक्या भरतात, फेस येतो, टाकीतून किती औषध निघालं तो उतारा मोजतात. उतारा वाढला की वरचे साहेब खूश होतात. एका बैठकीत साहेब म्हणाले, "मॅडम, यील्ड बढ़ाइए, डिमांड बहुत है." मागणी का वाढली आहे ते मला विचारावंसं वाटलं. मी बी वाढवते, सूक्ष्मदर्शकाखाली बघते, शुद्ध आहे म्हणून सही करते. बारीक धाग्यांसारख्या दिसणाऱ्या त्या जंतूंवर माझा राग नाही. ते लाखो वर्षांपासून हेच करत आले आहेत, वाटी बनवायची आणि आपलं टोक सांभाळायचं. आम्ही नसतो तरी त्यांनी तेच केलं असतं. राग यायला कुणीतरी सापडलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या कापणीत सासूबाईंच्या पायाला विळा लागला. जखम चिघळली, पाय घोट्यापर्यंत सुजला. मी रविवारी गेले, सफाळ्याच्या डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या. साध्या गोळ्या, कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या. पाण्याचा पेला पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं. "तुज्या हातचं औषध नको."

जाऊबाईंनी माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि आत गेल्या. जरा वेळाने त्याच गोळ्या त्यांनी आपल्या हाताने दिल्या आणि सासूबाईंनी मुकाट्याने गिळल्या. पाय महिनाभरात बरा झाला. दीर फोनवर म्हणाले, "आई चालते आता. शेतावर जाऊन येते."

मी बरं म्हटलं. त्यांनी मला यायला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता रविवारी मी बेटेगावातच असते. खोली झाडते, कपडे धुते. त्यांचे शर्ट अजून हुकांना आहेत. संध्याकाळी समोरच्या चाळीतल्या बिहारी बायका दारात बसून भाजी निवडतात, एकमेकींना हाका मारतात. मला कुणी काही विचारत नाही. विचारलं असतं तरी सांगण्यासारखं माझ्याकडे जे आहे ते फक्त औषध कसं बनतं एवढंच.