‘हाण’ म्हटल्याशिवाय

या सदरातले अनुभव मी वर्षभर वाचतोय आणि खरं सांगू का, निम्मे वाचून हसलोय. आमच्या तुळजापुरात अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरच्या बारा महिने डोळ्यांसमोर असतं, त्यामुळं मला या प्रकाराचा कंटाळाच. भूत-बित, आत्मा-बित... छे! हातात हातोडा, समोर तांबं, जे ठोकलं ते उमटतं, एवढंच मला कळतं. पण यंदा उन्हाळ्यात जे झालं ते कुणाला तरी सांगायचंय. घरात सांगायची सोय राहिलेली नाही.

आमचा धंदा टाकांचा. टाक म्हणजे देव्हाऱ्यात पुजतात ते देवाचे पत्रे, चांदीचे नाहीतर तांब्याचे, ठशावर ठोकून उठवलेले. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यापासून दोन बोळ आत, पत्र्याच्या छपराचं आमचं दुकान. काम करणारे दोघंच, थोरला भाऊ अण्णा आणि मी. मागं एकदा शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी कुणीतरी शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांची तांब्याची नाणी, मागितल्या, तेव्हा अण्णानं पोलादात ठसे कोरले. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. कडेच्या गोल ठिपक्यांतला एक ठिपका त्यानं मुद्दाम गाळला, म्हणजे उद्या कुणी हे नाणं जुनं म्हणून खपवायला नको. “आपल्या हातनं फसवणूक नको कुणाची,” म्हणायचा.

आता नाणं कसं पडतं ते थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खालचा ठसा लाकडी ओंडक्यात घट्ट बसवलेला असतो. त्यावर तापवून मऊ केलेली तांब्याची चकती, आणि चकतीवर वरचा ठसा. तो हातानं धरायचा. एकानं धरायचं, दुसऱ्यानं हातोडा घालायचा. तांबं जाड असल्यानं दोन घाव लागतात, आणि पहिल्या घावाला वरचा ठसा केसभर उडतो. धरणाऱ्यानं तो तिथल्या तिथं दाबून ठेवला नाही, तर दुसरा घाव सरकून बसतो आणि नाण्यावर दोन-दोन ‘श्री’ दिसतात. म्हणून नियम असा की धरणारा “हाण” म्हणेल तेव्हाच हातोडा खाली. प्रत्येक घावाला “हाण”. अण्णा धरायचा, मी हाणायचो. आमचं दिवसभराचं बोलणं म्हणजे हा एक शब्द.

दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासमोर अण्णा मला बोलला. माझा घाव तिरका बसतो, लक्ष नसतं, असं काहीतरी. बोलण्यात विशेष काही नव्हतं, पण माझं डोकं फिरलं. गिऱ्हाईक गेल्यावर कामाला बसलो आणि रागाच्या भरात मी “हाण”ची वाट बघितली नाही.

अण्णाचा उजवा अंगठा गेला.

दवाखान्यात डॉक्टरला, वहिनीला, पाहुण्यारावळ्यांना सगळ्यांना अण्णानं एकच सांगितलं, की माझाच हात सरकला. जो माणूस ठशातसुद्धा एक ठिपका गाळून खरं बोलायचा, त्यानं जन्मात एवढं एकच खोटं सांगितलं, आणि ते माझ्यासाठी. मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही.

त्यानंतर तो दुकानात आला नाही. एका लॉजच्या काउंटरवर बसायला लागला. आठ महिन्यांनी हार्ट अटॅकनं गेला. त्या आठ महिन्यांत रोज म्हणायचो, आज बोलू, उद्या बोलू... राहिलंच ते.

यंदा धाराशिवच्या एका मंडळानं शाळेच्या मैदानावर शिवकाळातला बाजार उभा करायचं ठरवलं. लोकांनी जुन्या वेशात यायचं, शिवराया देऊन गूळ-फुटाणे, खण, बांगड्या घ्यायच्या. त्यासाठी चारशे शिवराया हव्या होत्या. एकट्याला जमणार नाही हे ठाऊक असून मी हो म्हणालो, कारण ठसे अण्णाचे होते आणि ते गंज खात पडले होते. वेल्डरकडून ठसा धरायला लोखंडी चौकट करून घेतली. दोन दिवस ठोकठोक केली, एक नाणं धड येईल तर शपथ. सगळ्यांवर दोन-दोन ‘श्री’. मंडळातले एक शिक्षक येऊन बघून गेले आणि चालेल की म्हणाले, तेव्हा मला जास्तच झोंबलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चौकट फेकून दिली. डाव्या हातात सांडशीनं ठसा धरला, उजव्या हातात हातोडा. हे चौकटीपेक्षा वाईट व्हायला पाहिजे होतं, या कामातल्या कुणालाही विचारा. पण सवयीनं मी घावाआधी थांबलो. कशासाठी थांबलो ते थांबल्यावर कळलं. मग हाणलं, थांबलो, पुन्हा हाणलं. नाणं उचललं तर छाप एकदम स्वच्छ. दुसरं स्वच्छ, तिसरं स्वच्छ. सांडशी जागची हलत नव्हती.

वहिनी तेव्हा दुपारचा डबा घेऊन यायची. त्या दिवशी ती दारात कधीची उभी होती कुणास ठाऊक. डबा हातातच, चेहरा पांढरा पडलेला.

“भाऊजी, आत कोण हाय तुमच्यासंगं?”

कुणी नाही म्हटलं. तिनं आत येऊन कोपरान् कोपरा बघितला आणि उंबऱ्यावर बसली. “थांबू नका. काम करा तुमी.” मी हाणत राहिलो, तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. बऱ्याच वेळानं म्हणाली, “त्येंचा आवाज हाय. परत्येक घावाआधी.”

मला काहीही ऐकू येत नव्हतं. देवीशप्पथ सांगतो, कानात प्राण आणून ऐकायचा प्रयत्न केला. हातोड्याचा आवाज, बाहेर फुलवाल्याचं ओरडणं, बास.

पुढचे चार दिवस वहिनी रोज दुपारी यायची. उंबऱ्यावर भाजी निवडत बसायची, आणि नाण्यामागून नाणं स्वच्छ पडायचं. नवरा गेल्यापासून तिला मी इतकी शांत बघितली नव्हती. एकदा तर हसली. म्हणाली, आज आवाज जरा कावल्यासारखा हाय, लई भरभर हाणताय तुमी. मी हळू केलं. लाज वाटते सांगायला, पण मला तिचा हेवा वाटत होता.

चारशेवं नाणं पडलं. मी हातोडा खाली ठेवला आणि मला राहवलंच नाही. रिकाम्या जागेकडं बघून मोठ्यानं बोललो.

“अण्णा, चुकलं माझं. तू म्हणायच्या आधी मी हाणलं. रागानं हाणलं.”

वहिनीच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मी तिला विचारलं, काय म्हणाला? ती म्हणाली, “आजून एक पाडा.”

चकती ठेवली. ठसा धरला. थांबलो, तिच्याकडं बघितलं. ती कान देऊन बसली होती. पुष्कळ वेळ गेला. शेवटी तिनं मान हलवली, नाही म्हणून. मी तसंच हाणलं, दोनदा.

नाण्यावर दोन ‘श्री’ उमटले होते.

वहिनीनं ते नाणं उचललं, पदरानं पुसलं. “मला तर त्येंनी सांगितलं हुतं, हात सरकला म्हणून,” एवढंच म्हणाली. नाणं पदराच्या गाठीत बांधलं, भाजी गोळा केली आणि गेली.

बाजार छान झाला म्हणे, मी गेलो नाही. वहिनी आता दुकानाकडं फिरकत नाही. डबा येतो, पण शेजाऱ्याच्या हाती. बोलते, चांगलंच बोलते, आणि तेच जास्त लागतं. त्यानंतर सांडशीनं कितीदा करून बघितलं, एकही नाणं स्वच्छ आलेलं नाही.

हे काय होतं, मला माहीत नाही. मी कबुली दिली म्हणून अण्णा सुटला, की त्यानं मरेपर्यंत झाकलेलं मी तिच्यासमोर उघडं केलं म्हणून रागावून गेला? माझं ओझं उतरवायला गेलो आणि तिला मिळालेला तेवढा आवाजही घालवला, एवढं मात्र खरं. अजून रोज घावाआधी थांबतो. आपल्याला नाही तर नाही, एखाद्या दुपारी तिला तरी तो आवाज ऐकू यावा असं वाटतं, पण उंबऱ्यावर आता कुणी बसत नाही.