खो मिळायच्या आधी

माझ्या जाऊबाईंचा हेवा मी जवळजवळ पन्नास वर्षं करते आहे. त्यातली पहिली काही वर्षं ती माझी जाऊ नव्हतीच, कॉलेजच्या खो-खो संघातली मैत्रीण होती. म्हणजे हेवा आधीचा, नातं नंतरचं.

पुण्यातल्या कॉलेजच्या मैदानावर आम्ही एका ओळीत बसायचो, ती तिसऱ्या चौकोनात, मी चौथ्या. शेजारशेजारच्या दोघींची तोंडं उलट दिशांना, त्यामुळे निम्मा खेळ पाठीमागेच चालायचा. पाठीवर हात पडून 'खो' ऐकू येईपर्यंत उठायचं नाही, एवढं साधं. ती दगडासारखी बसून राहायची. मला मात्र मागे पावलं वाजली की वाटायचं, आली, माझ्याकडेच आली, आता माझ्यावाचून यांचं अडलंय. की उठलेच. फाऊल. पाठलाग करणारीला माघारी फिरावं लागायचं, पळणारी निसटायची आणि सगळा संघ माझ्याकडे बघायचा. मीही मग दुसऱ्याच कुणाकडे तरी बघायचे.

विद्यापीठाच्या संघात ती गेली आणि मी राखीव. राखीव म्हणजे तिची बाटली आणि चपला सांभाळायला. एकदा मी तिची एक चप्पल गवतात लपवली, मग मीच ती शोधून दिली आणि वर तिचे आभारही मिळवले. एकोणीस वर्षांची घोडी, आणि पराक्रम हा.

पुढे तिचं लग्न झालं आणि वर्षभरात तिनंच धाकट्या दिरासाठी माझं नाव सुचवलं. दीर चांगला होता, अजून आहे, आत्ता पलीकडच्या खोलीत चष्मा शोधतोय. पण लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं की थोरल्या जावेला 'वहिनी' म्हणायचं आणि 'तुम्ही'. आदल्या आठवड्यापर्यंत जिला मी 'ए भवाने' अशी हाक मारत होते, तिला 'वहिनी, चहा घेता का?' तिनं चहा घेतला. हसली नाही, हे तिचं मोठेपण. तेही मला सहन झालं नाही.

थोरले दीर नोकरीनिमित्त नेदरलँड्सला आले, पाठोपाठ आम्ही. तिला हार्लेममध्ये जुन्या विटांचं, उंच खिडक्यांचं घर मिळालं. आम्हाला हूफडॉर्पच्या नव्या वसाहतीत, जिथे सगळी दारं इतकी सारखी की पहिल्या वर्षी मी दोनदा शेजाऱ्यांच्या कुलपात किल्ली घातली. तिला सायकल आठवड्यात जमली. मला किती दिवस लागले ते मी नातीलाही सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला. भारतातल्या एका खो-खो लीगला परदेशात हातपाय पसरायचे होते आणि युरोपची सुरुवात इथून करायची होती. तिकिटं विकून असं किती मिळणार, त्यांचा खरा डोळा सट्ट्याच्या कमाईवर. तिकडे जे चोरून चालतं ते इथे परवाना काढून चालतं. आणि खो-खो त्या मंडळींना फार आवडला होता, कारण त्याचे बारीक तुकडे पडतात. पुढचा गडी अर्ध्या मिनिटात बाद होईल का, सूर मारून होईल की खांबावर, अशा एकेका तुकड्यावर लोक पैसे लावणार. त्यासाठी मैदानाकाठी बसून, गडी बाद झाला रे झाला की त्याच क्षणी नोंद करणारी माणसं हवी होती. आता या देशात खो-खो कळणारी माणसं कुठून आणायची? म्हणून आम्ही आज्या.

माझ्या वडिलांनी दिवाळीतसुद्धा घरात पत्ते येऊ दिले नव्हते. मला त्यांची आठवण झाली, पण अर्ज पाठवून झाल्यावर.

काम दोघींनी मिळून करायचं होतं. एकीनं खेळ बघायचा आणि मोठ्यानं बोलायचं, ती ऑब्झर्व्हर. दुसरीनं मान खाली घालून, पहिली जे बोलेल ते टॅब्लेटवर दाबायचं, ती ऑपरेटर. अर्जात 'कुठल्या पातळीवर खेळलात' असं विचारलं होतं. वहिनींनी 'विद्यापीठ' लिहिलं. मीही 'विद्यापीठ' लिहिलं, चपलांसकट तिथे हजर होतेच की. मुलाखतीला एक तरुण डच साहेब आला होता, उंच आणि अतिशय नम्र. त्यानं मला किती सामने खेळलात असं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की एकही सामना चुकवला नाही. तो बहुतेक हुशार होता. वहिनी ऑब्झर्व्हर झाल्या आणि मी ऑपरेटर.

नातीनं मला बटणं शिकवली. स्पर्श निळं, सूर लाल, खांब हिरवं, फाऊल पिवळं. "आजी, नॉट सो हार्ड," म्हणत होती. मी त्या बटणांवर वहिनींना कल्पून दाबत होते, हे तिला काय ठाऊक.

ब्रेडाच्या एका क्रीडागृहात दोन दिवसांची रंगीत तालीम होती. खरे पैसे कोणी लावणार नव्हतं, पण तालीम जमली तर पुढच्या पंधरा दिवसांच्या सामन्यांना आम्हीच. गळ्यात ओळखपत्र, वर फोटो आणि खाली कामाचं नाव, वहिनींची खुर्ची मॅटच्या अगदी काठाला, माझी अर्धा हात मागे. पन्नास वर्षांनी समोर खो-खो चाललेला, आणि मला फक्त चार रंगांचे चौकोन दिसत होते. पुन्हा एकदा माझ्या पाठीमागे खेळ आणि तिच्या डोळ्यांसमोर.

बघता येत नाही म्हटल्यावर कान उघडले. सूर मारला की अंग मॅटवर फरफटतं, त्याचा आवाज निराळा. खांबावर गडी मारला की खांब घुमतो. पाचव्या-सहाव्या गड्याला शिट्टी वाजली, मला फरफट स्पष्ट ऐकू आली, आणि वहिनी म्हणाल्या, "स्पर्श." तेही उशिरा. माझं बोट लालवर गेलं. मग पुन्हा तसंच, खांब घुमला आणि त्या म्हणाल्या, "सूर." मी हिरवं दाबलं. यात त्यांना सांभाळून घ्यायचा काडीचाही विचार नव्हता, आधीच सांगून ठेवते. निदान त्या यंत्राला तरी कळू दे, आमच्या दोघींत कोणाला जास्त समजतं, एवढंच मनात होतं.

सामन्यानंतर साहेबानं चित्रफीत आणि वहिनींच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावून ताडून पाहिलं. बटणं सगळी बरोबर होती आणि आवाज बरेचदा चुकला होता. त्यानं आम्हा दोघींना बाजूला घेतलं आणि फार अवघडून मला विचारलं की उद्या तुम्ही ऑब्झर्व्हर व्हाल का. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले. वहिनी पर्सची चेन लावत होत्या. ती लागेना, तरी लावत राहिल्या.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. आजूबाजूला मराठी कळणारं कोणी नव्हतं, म्हणून मी जुन्या हाकेवर आले.

"कधीपासून दिसत नाही तुला?"

"दिसतं गं. धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. हिवाळ्यापासून."

"मग डॉक्टरकडे का नाही गेलीस?"

"मोतीबिंदू आहे म्हणाले असते. ऑपरेशन सांगितलं असतं, आणि ही खुर्ची तुला मिळाली असती."

"ती मिळालीच."

"हो ना," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिथे तिला काय दिसत होतं देव जाणे.

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त एक जुना प्रश्न ओठांवर आला, तो विचारून टाकला. "खरं सांग, इतक्या वर्षांत तुला कधी माझा हेवा वाटला?"

तिनं विचार केला. रॉटरडॅम आलं, माणसं उतरली, चढली, गाडी सुटली, तरी ती विचार करत होती. मी आशेनं तिच्याकडे बघत होते, अडुसष्ट वर्षांची बाई.

"नाही गं," ती शेवटी म्हणाली. "आठवत नाही."

पटकन नाही म्हणाली असती तर चाललं असतं. विचार करून म्हणाली, ते झोंबलं.

दुसऱ्या दिवशी नवी ओळखपत्रं छापायला वेळ नव्हता, म्हणून साहेबानं आमची आहेत तीच अदलाबदल करून गळ्यात घातली. मी काठाच्या खुर्चीत बसले. समोर अख्खा खेळ, एकही पाठ आड नाही. एक पोरगी खांबाकडे वळली, मागून दुसरी झेपावली आणि मी ओरडले, "सूर!" झेपावणारी मॅटवर आपटली आणि पळणारी हुलकावणी देऊन केव्हाच पलीकडे. शिट्टी वाजलीच नाही. थोड्या वेळानं मी "खांब!" म्हणाले, तेव्हा गडी खांबापासून दोन हात लांब होता. मला दिसत सगळं होतं, फक्त घडायच्या आधी दिसत होतं. एकोणिसाव्या वर्षी जी बाई चौथ्या चौकोनात होती, तीच खुर्चीवर येऊन बसली होती, गुडघे तेवढे नवे घातलेले.

आणि मागे वहिनी. मी ओरडले की त्यांचं बोट बटणावर जाऊन थांबायचं आणि शिट्टी वाजली तरच खाली यायचं. हातभर अंतरावरचे चार रंग त्यांना नीट दिसत होते. दगडासारख्या बसून राहिल्या, पूर्वीसारख्याच.

संध्याकाळी पुन्हा बटणं बरोबर आणि आवाज चूक. साहेब म्हणाला की तुमच्यापैकी जी बोलते ती चुकते, जी गप्प असते ती बरोबर असते, आणि सट्टा लावणाऱ्यांना उशीरही चालत नाही, घाईही चालत नाही. आमचे मनापासून आभार मानून त्यानं आम्हाला घरी पाठवलं. पुढे लीगचा युरोपचा बेतच बारगळला. कशामुळे ते मला माहीत नाही, पण मंडळात मी ते माझ्यामुळेच असं सांगते.

निघताना वहिनींनी आपलं ओळखपत्र परत मागितलं होतं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. ते मी स्वयंपाकघरात, कपबशांच्या कपाटाच्या दारावर लावलं आहे.

त्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे लख्ख झाले, आता माझ्यापेक्षा चांगलं दिसतं, म्हणजे तेही आलंच माझ्या नशिबी. परवा चहाला आल्या होत्या. कपाटाजवळ गेल्या आणि थबकल्या.

"अगं, हा फोटो तर माझा आहे."

"हो वहिनी," मी म्हणाले. "पण खाली काय लिहिलंय ते वाचा. ऑब्झर्व्हर. ती मी."

त्यांनी ते जवळ जाऊन, दुरून, परत जवळून वाचलं. मग कपाटातून आपला कप घेतला आणि म्हणाल्या, "असू दे. फोटो चांगला आलाय."

आलाय खरा. माझ्या ओळखपत्रावर माझे डोळे मिटलेले आहेत.