दगडावरचं रोप

लोणावळ्यात शोभेचे मासे विकणारा तो गडी बोलायच्या आधी रोपाचं पान चिमटीत धरून बघतो. माझी बायको वारली आणि तिनं माशांच्या काचेच्या टाकीत जपलेलं रोप सडलं. ते घेऊन मी गिऱ्हाइकांपुढं त्याच्यावर ओरडलो, "कुजका माल विकतोस व्हय रं?"

त्यानं बुडखा हुंगला. हळूच म्हणाला, "आबा, हे वाळूत पुरलं की कुजतं. मावशींनी नेताना माझ्यासमोर दोऱ्यानं दगडाला बांधलं होतं. कुणी सोडलं?"

मीच सोडलं होतं. जन्मभर भात लावलेला माणूस मी, दगडावर कुटं रोप जगतं म्हणून वाळूत खोल रोवलं होतं.

"ठावं न्हाई," मी म्हणालो.

त्यानं कात्री घेतली. सडकं कापून टाकलं, उरलेल्या हिरव्या तुकड्याला दगडावर दोरा गुंडाळला आणि दगड माझ्यापुढं सरकवला.

"गाठ तुम्हीच मारा, आबा."

माझी मान वर झाली नाही.