बपेऱ्याच्या टेकडीवरचा तळ

माझे वडील सेवकराम बांते सिहोऱ्याचे. आमच्या घरी धान पिकायचं, आणि दोन्ही काका धानाच्याच बांधीत राबले. वडील मात्र एकसष्ट साली हवाई दलात भरती झाले. विमान उडवायला नाही, जमिनीवर. विमानात तेल भरायचं, चाकं घसरू नयेत म्हणून त्यांना ओट लावायचे, आणि उतरलेल्या विमानासमोर उभं राहून हातांच्या खुणांनी त्याला जागेवर आणायचं. "पायलट वर राजा. खाली उतरला का त्याले माह्या हाताकडं पाहा लागते," असं ते गमतीनं म्हणत.

हवाई दलाची त्यांना ओळख होती ती आजोबांमुळे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी गोंदियाजवळ बिरसीला विमानांची पट्टी बांधली, तेव्हा आजोबांनी तिथं गिट्टी वाहिली होती. लढाई संपली, इंग्रज गेले, पट्टी तशीच उरली. वडील बैलगाडीतून ती पाहायला जात. एवढी लांब, सपाट जागा, आणि तिच्यात पीक नाही, याचंच त्यांना नवल वाटे.

माझं बाळपण तळांवरच्या क्वार्टरांत गेलं. पंजाबातल्या तळावर लढाऊ विमानांच्या आवाजानं भांडी हलायची. दक्षिणेतल्या तळावर कोवळी पोरं उडायला शिकत. आसामातल्या तळावर तर पाहावं तेव्हा तांदळाची, डाळीची, रॉकेलची चढउतार. मी एकदा रुसून विचारलं, "बाबा, इथं लढाईचे विमान काहून नाहीत? हा तळ लहान आहे का?"

"लहान-मोठा कायचा, बाई?" ते म्हणाले. "गावात लोहार वेगळा, सुतार वेगळा, कुंभार वेगळा. तसंच हे. एका तळावर लढणारे, एकावर शिकणारे, एकावर बिघडलेलं दुरुस्त करणारे. आपला हा तळ पहाडावरच्या शिपायांचं सैपाकघर आहे. सैपाकघर बंद पडलं तर लढतीन कसे?"

एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही आसामातच होतो. हेलिकॉप्टरं जखमींना घेऊन यायची आणि परत जायची. वडील हातपंपानं पिंपांतलं तेल भरून भरून थकत, तळहातांची साल निघायची, पण त्याबद्दल ते घरी बोलत नसत. एका संध्याकाळी मात्र ते आले आणि जेवलेच नाहीत. केरळचा एक जोडीदार जखमींना उतरवायला घाईघाईनं मागच्या बाजूनं धावला होता. शेपटाचा पंखा फिरत असला की दिसत नाही. माझी आई निर्मलाबाई त्यांच्याजवळ नुसती बसून राहिली. "मदतीले धावला अन् गेला," एवढंच ते म्हणाले.

ऐंशी-एक्याऐंशीत ते निवृत्त होऊन सिहोऱ्याला आले आणि बांधीत उतरले. माझं लग्न तोवर बपेऱ्याला झालं होतं.

पुढं एका भादव्यात ते मला तिजाच्या सणासाठी माहेरी न्यायला आले. पाऊस लागलेलाच होता. रात्रीतून बावनथडी नदी चढली, वैनगंगेनं तिचं पाणी मागं लोटलं, आणि सकाळी गावाच्या तिन्ही बाजूंना पाणीच पाणी. चौथी बाजू शाळेच्या टेकडीची. सगळं गाव तिथं चढलं. माझी जाऊ रुखमिणी दिवसांत होती, तिला बाजेवर घालून नेलं. त्या दिवशी दुपारी तिला कळा सुरू झाल्या. सुईण कुंताबाईनं हात लावून पाहिलं आणि मला बाजूला नेलं. "मूल आडवं हाय, बाई. हे माह्यानं होणार नाही. इले दवाखान्यात न्या लागते."

तेवढ्यात नागपूरकडून हेलिकॉप्टर आलं. लोक ओरडत, हात हलवत त्याच्याखाली धावले. ते दोनदा घिरट्या घालून, चुरमुऱ्यांच्या आणि चण्यांच्या थैल्या टाकून निघून गेलं. बायका रडायला लागल्या.

"गेला," सरपंच मधुकरराव म्हणाले.

"तो येईन अजून," वडील म्हणाले. "आपण त्याले उतरू दिलं नाही. एवढे लोक खाली, तो टेकणार कुठं? मधुकररावजी, मले हे मैदान द्या."

मग जे सुरू झालं ते मी विसरणं शक्य नाही. त्यांनी शाळेची सैल टिनं काढायला लावली, धुण्याची दोरी आणि झेंड्याचा खांब उतरवला, ढोरं उतारावर बांधली. काटक्या, पोती, चिंध्या, काही उडेल असं मैदानात ठेवलं नाही. शाळेत पोतंभर चुना होता. त्यानं मधोमध मोठा गोल आखला. कोपऱ्यात धानाच्या ओल्या तणसाचा ढीग रचला.

"हे कायले जी?" मधुकररावांनी विचारलं.

"धूर. हवा कोणीकडून येते ते त्याले वरून दिसलं पाहिजे. जागा दिसली, हवा दिसली, अन् माणसं बसलेली दिसली, तर तो उतरते."

माणसांना बसवणं सगळ्यांत अवघड होतं. भुकेला माणूस बसत नाही. वडिलांनी सगळ्यांना शाळेच्या भिंतीआड नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ओरडताना ऐकलं. "जो उठीन तो मरीन! म्या पाह्यलं आहे! त्याचा मागचा पंखा दिसत नाही, तो माणूस कापते!" त्यांचा आवाज फाटला होता. सगळे भिंतीला टेकून खाली बसले.

दिवस बुडायच्या आत हेलिकॉप्टर परत आलं. वडिलांनी दोन्ही मनगटांना पांढरे दुपट्टे बांधले होते. पेटवलेल्या तणसाचा धूर सरळ पूर्वेकडं झुकला. ते वाऱ्याला पाठ देऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केले. पन्नाशीकडं झुकलेला, पाठीत किंचित वाकलेला माझा बाप त्या क्षणी ताठ, कोरून काढल्यासारखा दिसत होता. हात हळूहळू खाली आले, तसं ते अवजड यंत्रही खाली आलं आणि चुन्याच्या गोलात टेकलं.

चौघांनी रुखमिणीची बाज उचलली. वडील सर्वांत पुढं, वाकून, समोरच्या बाजूनं.

पायलटनं खिडकीतून विचारलं, "आप एअरफोर्स के हैं?"

"था, सर."

"और चक्कर लगाने पड़ेंगे। ग्राउंड आप संभालेंगे?"

"जी सर. संभालूंगा."

पाणी उतरेपर्यंत त्यांनी ते मैदान सांभाळलं. धान्य आलं, औषधं आली, तापानं फणफणलेली म्हातारी माणसं गेली. दरवेळी तोच धूर, तेच हात. गावातली दोन माणसं त्यांनी हाताशी घेतली आणि शिकवली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

रुखमिणीला भंडाऱ्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. आई-लेक दोघी सुखरूप घरी आल्या.

पूर ओसरल्यावर गावानं सत्कार ठेवला. वडील इस्त्रीचे कपडे घालून खुशीत आले, हार घालून घेतला, फोटोला नीट उभे राहिले. बोलायला लावलं तर इतके बोलले, की सोबत आलेल्या आईला मधून खुणावावं लागलं. मधुकररावांनी विचारलं, "सेवकरामजी, गावानं तुमच्यासाठी काय करावं?"

"त्या मैदानात घर बांधू नोका," ते म्हणाले. "खांब गाडू नोका. मोकळं ठेवा."

वडील आणखी तीन वर्षं जगले. गावानं शब्द पाळला. शाळेला नव्या खोल्या झाल्या त्या उताराच्या बाजूला. मैदान तसंच आहे. रुखमिणीची पोरगी तिथंच लंगडी खेळत मोठी झाली.